समुद्रसपाटीपासून उंची

आमच्या शाळेत चित्रकला मी शिकवायचे आणि रंग नामजोशी सर. वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे भूगोल लिहिलेला असे, पण पिकं, वारे, खनिजं, लोकसंख्या यांत त्यांचा जीव फारसा रमत नसे. त्यांचा जीव होता नकाशातल्या रंगांत आणि खुणांत. निळा म्हणजे पाणी. हिरवा म्हणजे सखल जमीन. पिवळा म्हणजे त्याहून उंच, तपकिरी म्हणजे डोंगर आणि अगदी वरचा पांढरा म्हणजे बर्फ. एवढंच ते जन्मभर शिकवत आले आणि एवढंच पोरांना कळत नाही, ही त्यांची जन्मभराची तक्रार होती.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ते शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माझी रंगांची पेटी उघडी होती. त्यांनी वाकून हिरव्या वडीकडे बोट केलं.

"बाई, हा कुठला हिरवा?"

"पानांचा," मी म्हटलं.

"पानं महाबळेश्वरलाही असतात आणि मुंबईलाही. मग हा हिरवा नेमका किती उंचीवरचा?"

मी पेटी जवळ ओढली. "आपण कळवा सवडीनं," असं म्हणून ते तासाला निघून गेले. त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं, की शाळेत एक गृहस्थ आहेत, त्यांच्याशी माझं भांडण होणार. झालं. आम्ही दोघं निवृत्त होईपर्यंत चाललं, आणि नोकरीत मला जे काही सुख मिळालं त्यातलं निम्मं या भांडणानं दिलं.

दिसायला सर किरकोळ. पांढरा शर्ट, खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, आणि हातात बाराही महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, नकाशावर दाखवायला होती. पावसात ते बिनछत्रीचे भिजत यायचे, कारण ओली छत्री नकाशाला लागली तर रंग उतरतो. वर्गात शिरले की पहिला शब्द "सूची!" नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे आणि खुणांचे अर्थ सांगणारी जी चौकट असते ती सूची. ती आधी वाचायची, मग नकाशाकडे बघायचं. जो मुलगा आधी नकाशाकडे बघेल त्याला उभं करायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'सूची' म्हणायची आणि हे सरांना ठाऊक होतं. मला वाटतं, त्यांना ते आवडायचंही.

बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. सर रविवारी सकाळी तिथे जायचे, पण पुस्तकं विकत घ्यायला नव्हे. ते नकाशांची पुस्तकं उघडून उभ्या उभ्या चुका दुरुस्त करायचे. एखाद्या सरोवराचा रंग उथळ पाण्याचा दिला असेल तर निळ्या पेन्सिलीनं गडद करायचे. एकदा एका दुकानदारानं हटकलं, "अहो, पुस्तक घ्यायचंय का खराब करायचंय?" सर म्हणाले, "खराब तुम्ही आधीच आणलंय. मी वाचवतोय." पुढे तोच दुकानदार नवीन गठ्ठा आला की त्यांच्यासाठी स्टूल ठेवायला लागला, कारण 'सरांनी तपासलेलं' म्हणून ती पुस्तकं लवकर खपत असत.

शाळेच्या मोठ्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायचं ठरलं तेव्हा आमचं भांडण रंगात आलं. काढणार मी, सांगणार सर. माझं माहेर गुहागरचं. समुद्र मी लहानपणापासून पाहिलेला, आणि आषाढात तो चहासारखा दिसतो हे मला पक्कं माहीत. मी म्हटलं, निळा एकच कशाला, थोडा करडा मिसळू, थोडा हिरवट, म्हणजे जिवंत दिसेल.

"हिरवट?" सरांनी छत्री जमिनीवर टेकवली. "समुद्रात सखल जमीन घुसवता? बाई, नकाशा म्हणजे चित्र नव्हे, करार आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की निळं ते पाणी. किनाऱ्यालगत फिकट, खोल जाल तसा गडद. तुमचा गुहागरचा समुद्र कुठल्या रंगाचा आहे ही तुमची घरगुती बाब झाली."

"आणि तुम्ही समुद्र बघितलाय का?"

"बघितलाय. गणपतीपुळ्याला. सूची नव्हती, त्यामुळे काही कळलं नाही."

हे ते गंभीरपणे म्हणाले की गंमत म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यातच मुख्याध्यापक आले. शाळा तपासायला वरून साहेब येणार होते. त्यांनी भिंतीवरचा भारत बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "दख्खनचं पठार असं वाळून गेल्यासारखं का? आपला देश हिरवागार दिसला पाहिजे, सर. साहेब काय म्हणतील?"

"पठार हिरवं केलं तर पुणं समुद्रसपाटीला येईल," सर म्हणाले. "माझी हरकत नाही. शनिवारची सकाळची शाळा होडीतून भरवू."

"आणि हे हिमालयाचं काम अर्धवट का राहिलंय? पांढरी भिंत तशीच दिसतेय."

"तो बर्फ आहे."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान डोलावली. पठार पिवळं-तपकिरीच राहिलं. साहेब आले, नकाशाखाली उभं राहून चहा प्यायले आणि एकदाही वर न बघता निघून गेले. सरांना याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या मते नकाशाकडे न बघणारा माणूस चुकीचं बघणाऱ्यापेक्षा कमी धोक्याचा.

घरीही हेच. नामजोशी वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सरांनी खुणा रंगवल्या होत्या. डाळींना निरनिराळे त्रिकोण, पिठांना चौकोन, साखरेला पांढरा ठिपका, म्हणजे बर्फ. सूची दाराच्या मागे लावलेली. वहिनी डब्याचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि काम पुढे चालू ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुम्हाला या खुणांचा त्रास नाही होत?" त्या म्हणाल्या, "मी बघतच नाही हो. त्यांना वाटतं मी बघते. छान चाललंय आमचं."

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सरांनी पत्रिकेच्या मागे मंगल कार्यालयाचा नकाशा छापून घेतला. प्रमाण दिलेलं, उत्तर दिशेचा बाण दिलेला, सूची तर होतीच. अडचण एकच होती. नकाशांच्या ठरलेल्या खुणांमध्ये देऊळ आहे, मशीद आहे, विहीर आहे, दीपगृह आहे, पण मंगल कार्यालय नाही. मनानं खूण बनवणं सरांना मान्य नव्हतं. त्यांनी त्यातल्या त्यात जवळची म्हणून सरकारी विश्रामगृहाची खूण घातली. मी आणि शाळेतल्या दोघी शिक्षिका भरजरी नेसून रिक्षानं निघालो आणि रिक्षावाल्याला पत्रिका दाखवली. तो सूची वाचणारा निघाला. त्यानं आम्हाला थेट विश्रामगृहाच्या दारात उतरवलं. तिथला रखवालदार म्हणाला, "लग्न? इथं साहेब झोपलेत." कार्यालयात पोचलो तेव्हा पंगत उठत होती. मी सरांना झाला प्रकार सांगितला. त्यांना कोण आनंद झाला! "म्हणजे शहरात एक तरी माणूस सूची वाचतो," ते म्हणाले. "कुठल्या स्टँडवरचा रिक्षावाला होता?"

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी बबन रायकर. धायरीहून सायकलीनं यायचा. तेव्हा धायरी हे गावच होतं, आणि बबनच्या घरची शेती होती. आठवीच्या परीक्षेत कच्छच्या रणावर टीप लिहा असा प्रश्न होता. बहुतेक पोरांनी नकाशातला हिरवा रंग आठवून 'तिथे हिरवीगार कुरणे आहेत' असं लिहिलं आणि सरांनी सगळ्यांना शून्य दिलं. बबननं लिहिलं होतं, 'कच्छचे रण नकाशात हिरवे असते, कारण ते सखल आहे. तिथे गवतसुद्धा नीट उगवत नाही.' सरांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत आणून सर्वांना वाचून दाखवला. एक पालक भांडायला आले. वकील होते. "माझ्या मुलाला हिरवं दिसलं म्हणून त्यानं हिरवं लिहिलं. त्यात चूक काय?" सर म्हणाले, "काही नाही. तो वकील होईल." बबनला त्यांनी स्वतःचा नकाशासंग्रह बक्षीस दिला. बबन पुढे फार शिकला नाही, शेतीत गेला, पण दिवाळीला सरांकडे भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन येण्याचं त्यानं कधी चुकवलं नाही. आम्ही निवृत्त झालो तरी पिशवी येत राहिली. तिच्यातल्या मूठभर शेंगा माझ्याकडेही यायच्या.

मग धायरी शहरात आली. आसपासची गावं शहराच्या हद्दीत घेतली गेली आणि त्या गावांसाठी विकास आराखडा निघाला. कुणाच्या जमिनीवर काय होणार, हे रंगांनी दाखवणारा नकाशा. त्यावर लोकांनी हरकती द्यायच्या, सुनावणी व्हायची आणि मग तो कायम व्हायचा. गावागावांतून लोकांनी त्या नकाशाचे आपापल्या भागापुरते तुकडे हातानं उतरवून आणले, पोरांच्या रंगपेट्यांनी रंगवले आणि एकमेकांना दाखवत फिरू लागले.

बबन असाच एक तुकडा घेऊन सरांकडे आला, तेव्हा मी तिथेच चहाला बसले होते. बबनचे केस पांढरे व्हायला लागले होते. गावातलं घर दोघा भावांना पुरत नव्हतं. त्याच्या मुलाचं लग्न त्यावरून अडलं होतं. मुलीकडचे यायचे, घर बघायचे, चहा पिऊन जायचे. बबनच्या वाटणीला गावाच्या वरच्या अंगाची, उताराची जमीन आली होती. तिथे चार खोल्या बांधल्या की काम होणार होतं. आणि आराखड्यात ती जमीन हिरवी दाखवली होती.

"सर, हिरवा म्हंजी सखल. तुमीच शिकिवलंय," बबन म्हणाला. "आमची जमीन वर हाय. पार मंदिराचा कळस खाली दिसतोय आमच्याकडनं. आन् ह्यांनी सखल लिवलीया. उद्या म्हणतील, हितं पाणी साचतंय, घर बांधू नगा."

सरांनी कागद हातात घेतला. त्यांचे कान लाल झाले. ज्या माणसानं दुकानदाराची सरोवरं सोडली नाहीत, त्याच्यापुढे खुद्द सरकारनं डोंगरउतार हिरवा रंगवून ठेवला होता.

आतून वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्यांनी कागदाकडे ओझरतं बघितलं आणि म्हणाल्या, "याला सूची नाही का हो?"

"सूची?" सर म्हणाले. "अगं, जी मी जन्मभर शिकवली ती आता बघायची कशाला?"

वहिनी बशा ठेवून आत गेल्या. त्या वेळी मला यात काही खटकलं नाही. बबनला तर नाहीच. आम्ही तिघंही पोहे खात सरकारला नावं ठेवत बसलो.

पुढचे काही आठवडे सर तरुण झाले होते. त्यांनी धायरीच्या वाऱ्या केल्या, बबनबरोबर तो सगळा उतार पायी चढले. मोजणीच्या जुन्या नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, त्यांनी शेतावर जाऊन पडताळल्या. विहिरींची खोली विचारली. पाऊस पडला की पाणी कुठून कुठे जातं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतलं. मग हरकत लिहिली. ती मला वाचून दाखवली तेव्हा मी खरंच थक्क झाले. असं बिनतोड लिखाण मी कुणाचं वाचलेलं नाही. शेवटचं वाक्य होतं, 'सबब सदर जमिनीस दिलेला हिरवा रंग शास्त्रदृष्ट्या चुकीचा असून तो काढून तपकिरी रंग देण्यात यावा.'

सुनावणीला मीही गेले. खोलीबाहेर माणसांची ही गर्दी. ज्याला त्याला पिवळा हवा होता. कुणी वकील आणला होता, कुणी पुढारी, कुणी नुसता मोठा आवाज. आमचा नंबर आला. टेबलामागे एक तरुण अधिकारी बसला होता. सकाळपासून 'पिवळा करा, पिवळा करा' ऐकून त्याचा चेहरा आंबला होता. त्यानं सरांचा अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर करून म्हणाला, "तुम्हाला तपकिरी हवाय?"

"हवाय असं नाही. तो आहेच," सर म्हणाले.

"जमीनमालकाची संमती आहे?"

बबन म्हणाला, "सर म्हंत्यात तसं करा सायेब."

"तुमची खात्री आहे?"

"मी भूगोल शिकवला आहे," सर म्हणाले.

अधिकाऱ्यानं तिथल्या तिथे शेरा मारला. सरकारी टेबलावर इतक्या झटपट काम झालेलं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर सरांनी बबनला आणि मला पेढे दिले. बबननं दुसऱ्याच आठवड्यात मुलाच्या सोयरिकीचं पक्कं केलं. घर होणार म्हणून सांगितलं आणि मुलीच्या वडिलांना वर नेऊन जागाही दाखवली.

पुढे काय झालं असेल ते एव्हाना कुणाच्याही लक्षात आलं असेल. आमच्या मात्र बबन बांधकामाची चौकशी करायला गेला तेव्हा लक्षात आलं. तिथल्या माणसानं त्याला सांगितलं, "तपकिरी म्हणजे डोंगरउतार. तिथं घर सोडा, गोठासुद्धा होणार नाही." बबन म्हणाला, आधी तर हिरवी होती. तो म्हणाला, "हिरवी म्हणजे शेतीची. त्यातल्या पुष्कळ जमिनी हरकती आल्यावर पिवळ्या झाल्या, म्हणजे राहण्याच्या. तुमच्या शेजाऱ्यांची झालीय की. तुम्ही का नाही मागितली?"

बबन सरांकडे आला तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, ते म्हंत्यात तपकिरीवर घर न्हाय." आणि मग खाली बघत म्हणाला, "सोयरे थांबायला तयार न्हाईत."

सर चपला घालून तसेच निघाले. मला वहिनींनी बरोबर पाठवलं. नगररचनेच्या त्या ऑफिसात भिंतभर आराखडा लावला होता. सूची खालच्या कोपऱ्यात होती आणि तिच्यापुढे एक लोखंडी कपाट उभं होतं. सरांनी शिपायाला कपाट सरकवायला सांगितलं. शिपाई म्हणाला, "ते कुणी बघत नाही."  सरांनी छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः कपाटाला खांदा लावला. मग शिपायालाही लाज वाटली.

सूची अगदी नीट होती. निवासी, पिवळा. व्यापारी, निळा. शेती, हिरवा. डोंगरउतार, बांधकामास मनाई, तपकिरी. व्यापाराला निळा रंग दिलेला बघून एरवी सरांनी त्या खोलीत केवढा गोंधळ घातला असता. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खाली वाकून ती चौकट वरपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली, पहिल्यांदा वाचायला शिकणारी मुलं वाचतात तशी. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना कुठेतरी अडकलेलं बघायची वाट बघत होते, आणि आता मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आराखडा कायम होण्याआधी एक शेवटची सुनावणी बाकी होती. सरांनी अर्ज केला. आम्ही पुन्हा त्याच खोलीत, त्याच अधिकाऱ्यापुढे. त्याला सर चांगले आठवत होते. कुणालाही आठवले असते.

"बसा सर. काय म्हणता?"

"ती जमीन पिवळी करा."

"कशी करू?" अधिकारी म्हणाला. त्यानं सरांचा पहिला अर्ज काढून पुढे ठेवला. "तुम्हीच सिद्ध केलंय की हा डोंगरउतार आहे. हे बघा, समोच्च रेषा. हे बघा, पाण्याचा निचरा. आमच्या माणसांनीसुद्धा इतकं काम केलं नसतं. मी हे खोडू शकत नाही सर. तुम्ही खोडू शकत असाल तर खोडा."

सर खोडू शकत नव्हते. ते चुकलेच नव्हते. जमीन खरोखरच उंचावर होती, उतरती होती आणि तपकिरीच होती. त्या उतारावरचे शेजारचे पिवळे तुकडेही तेवढेच तपकिरी होते, फक्त तिथे कुणी भूगोलाचा शिक्षक गेला नव्हता. बबन भिंतीला टेकून उभा होता. त्याचा मुलगाही त्या दिवशी आला होता, नवी पँट घालून, बापाच्या मागे. सरांनी त्या दोघांकडे बघितलं.

"जमीन सखल आहे," सर म्हणाले.

अधिकाऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"सखल आहे. सपाट आहे. मी मोजताना चुकलो. वय झालंय."

"आणि या रेषा?"

"मी चुकीच्या वाचल्या."

अधिकाऱ्यानं पहिला अर्ज मिटून बाजूला ठेवला. तो मूर्ख नव्हता. मग कोरा कागद पुढे सरकवून म्हणाला, "तसं लिहून द्या. खाली नाव आणि हुद्दा."

सर पेन काढून लिहायला लागले. त्यांचं अक्षर वळणदार, फळ्यावरचं. 'सदर जमीन सखल व सपाट असून' इथपर्यंत पेन सरळ गेलं. नावही लिहून झालं. हुद्द्यापाशी हात थांबला. मला वाटलं, ते नुसतं 'निवृत्त' लिहितील. कुणी काही म्हटलं नसतं. सरांनी 'भूगोल शिक्षक' असं पूर्ण लिहिलं, खाली रेघ मारली आणि कागद अधिकाऱ्याकडे दिला. बाहेर आल्यावर बबन त्यांच्या पाया पडायला वाकला तर ते चिडले. "ऊठ. रस्त्यात काय नाटकं?" 

जमीन पिवळी झाली. बबननं चार खोल्या बांधल्या आणि मुलाचं लग्न झालं. सरांचं बुधवार पेठेत जाणं बंद झालं. दुकानदारानं माझ्याकडे चौकशी केली, तब्येत बरी नाही का म्हणून. मी म्हटलं, बरी आहे. वहिनींनी एक दिवस मला हळूच सांगितलं, की सरांनी दारामागची सूची काढून टाकली आहे. डबे मात्र तसेच होते. वहिनींना वासावरून सगळं कळायचंच.

वास्तुशांतीला सर, वहिनी आणि मी एका रिक्षानं गेलो. रिक्षा गावापाशीच थांबली. "वर गाडी चढायची नाही," रिक्षावाला म्हणाला. तिथून पुढे पायवाट होती आणि ती सरळ आभाळाकडे निघाल्यासारखी दिसत होती. सरांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. ते थोडं चालायचे, छत्रीवर रेलून उभे राहायचे, पुन्हा चालायचे. बबन धावत खाली आला आणि त्यानं त्यांचा दंड धरला. वहिनी आणि मी मागून पदरानं घाम पुसत चढत होतो.  

घर चांगलं झालं होतं. पुढे ऐसपैस अंगण होतं आणि अंगणाच्या कडेला जमीन संपायची. पुढे थेट खाली गावाची कौलं, त्याच्याही खाली सिंहगड रस्ता, नदी आणि उन्हात पसरलेलं सगळं पुणं. लांब पर्वतीसुद्धा ठेंगणी दिसत होती. सरांना अंगणात खुर्ची दिली. ते त्या सगळ्याकडे तोंड करून बसले. छाती वर-खाली होत होती. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते पुसत नव्हते.

बबनची नवी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. शहरातली मुलगी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. खाली बघत कौतुकानं म्हणाली, "आजोबा, किती उंच आहे ना आपलं घर! इथनं सगळं दिसतं."

बबनच्या हातातलं ताट तसंच राहिलं. वहिनींनी माझा हात धरला.

सरांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि श्वास सापडेपर्यंत थांबले.

"उंच कुठलं, पोरी?" ते म्हणाले. "सखल आहे. अगदी सपाट."